दहशतवाद आणि राजकीय हिंसेचा अभ्यास : ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्यात राज्यशास्त्र शिकवताना, वाचनगटात बोलताना, अगदी ठाणे-वाशी लोकलमध्ये जुने विद्यार्थी भेटले तरी या विषयावर तेच ते प्रश्न येतात. ते मला महत्त्वाचे वाटतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून काढली आहेत.

या विषयात नक्की काय शिकतात? बॉम्ब आणि हत्यारांबद्दल?

नाही. ते काम तपास यंत्रणांचे आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे. माणसे हिंसेकडे का वळतात, संघटना कशा उभ्या राहतात आणि कशा संपतात, सरकार काय करते, आणि ज्यांच्यावर घाव पडतो तो समाज पुढे कसा वागतो, हे आम्ही पाहतो. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. हल्ला कोण करील हे नौपाड्यातल्या किंवा नेरुळच्या माणसाला ठरवता येत नाही. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याशी कसे वागायचे, हे मात्र त्याचे त्यालाच ठरवायचे असते.

दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या का नाही? ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या कान्हेरेंना मग काय म्हणायचे?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि यायलाच हवा. अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आपण त्यांना हुतात्मे मानतो. तेव्हाच्या सरकारच्या लेखी ते गुन्हेगार होते, आणि अशी कृत्ये दडपण्यासाठी त्याच सरकारने १९१९ मध्ये रौलट कायदा आणला.

अॅलेक्स श्मिड या अभ्यासकाने १९८० च्या दशकात दहशतवादाच्या शंभरावर व्याख्या गोळा करून त्यांत समान काय ते शोधले. हिंसा किंवा तिची धमकी, राजकीय हेतू आणि भीती पसरवण्याचा इरादा हे घटक बहुतेक ठिकाणी सापडले. शिवाय मारला जाणारा माणूस आणि ज्याला संदेश द्यायचा तो श्रोता वेगवेगळे असतात, हाही एक धागा निघाला. लोकलच्या डब्यातला प्रवासी हल्लेखोराचा शत्रू नसतो. त्याच्या मरणातून दुसऱ्याच कुणाला काहीतरी ऐकवायचे असते. ही कसोटी लावली की एका विशिष्ट अधिकाऱ्याची हत्या आणि गर्दीत ठेवलेला स्फोट हे वेगळे प्रकार ठरतात. अनेक अभ्यासक ते वेगळे ठेवतातही. डेव्हिड रॅपोपोर्ट यांनी मात्र आधुनिक दहशतवादाच्या चार लाटा मांडताना १८८० च्या आसपासच्या अराज्यवाद्यांपासून सुरुवात केली आणि राजकीय हत्यांनाही त्या मांडणीत जागा दिली. त्यांची दुसरी लाट वसाहतविरोधी, तिसरी साठच्या दशकातली नवडावी आणि चौथी १९७९ नंतरची धार्मिक.

राष्ट्रांमध्ये तर हा वाद मिटलेलाच नाही. आंतरराष्ट्रीय दहशतवादाविरुद्ध सर्वंकष कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांसमोर ठेवला. स्वातंत्र्यलढे आणि सरकारी सैन्याची कृत्ये यांचे काय करायचे, यावर तो आजवर अडून आहे. विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगते, की प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आपली व्याख्या लिहा आणि शेवटपर्यंत तिच्याशी प्रामाणिक राहा. आवडत्या माणसाला वेगळी आणि नावडत्याला वेगळी मोजपट्टी लावायची नाही.

हे लोक गरीब, अशिक्षित किंवा माथेफिरू असतात का?

सर्वसाधारणपणे नाही. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्येच लिहिले होते की या माणसांत काही समान दिसत असेल तर ते त्यांचे सामान्यपणच. अॅलन क्रूगर आणि जित्का मालेच्कोवा यांनी २००३ मध्ये लेबनॉनमधल्या हिजबुल्लाच्या मृत लढवय्यांची माहिती तपासली. आसपासच्या लोकसंख्येपेक्षा ते गरीबही नव्हते आणि कमी शिकलेलेही नव्हते. गरिबीचा हिंसेशी काहीच संबंध नाही, असा याचा अर्थ नाही. गडचिरोलीतला सशस्त्र संघर्ष जंगल, जमीन आणि वंचितता बाजूला ठेवून समजत नाही. पण ‘गरीब आहे म्हणून बॉम्ब ठेवतो’ हे वाक्य पुराव्यावर टिकत नाही, आणि कोट्यवधी गरिबांवर ते अन्याय करते.

मग चांगल्या घरातली मुले तिकडे जातात तरी कशी?

बहुतेकदा मित्रांबरोबर. मार्क सेजमन यांनी २००४ मध्ये १७२ जणांच्या आयुष्यांचा माग काढला. त्यांना दिसले की विचारसरणीच्या आधी मैत्री आणि नाती काम करतात. एक जण जातो, मग त्याच्यासाठी दुसरा.

२०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले आणि तिथून इस्लामिक स्टेटकडे वळले. त्यांपैकी एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला. आपल्या जिल्ह्यातली ही घटना. ती वाचताना माझे लक्ष दर वेळी घरच्यांकडे जाते. त्यांनी स्वतः पोलिसांकडे धाव घेतली. मुलाचे वागणे बदलते आहे हे सगळ्यांत आधी आईला, भावाला, वर्गमित्राला कळते. त्यांनी कुणाकडे जावे आणि गेल्यावर त्यांच्याशी संशयिताच्या घरच्यांसारखे वागले जाणार की मदत मागायला आलेल्या माणसांसारखे, यावर पुढचे खूप काही ठरते. घरच्यांना भीती वाटली तर ते गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यातच वेळ निघून जातो.

ठाणे-नवी मुंबईत थेट असे काही घडले आहे का?

घडले आहे. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात कर्जत लोकलमध्ये स्फोट झाला. ती गाडी ठाणे, कल्याणच्या घरी परतणाऱ्या माणसांची होती. मुंबई लोकलमधल्या ११ जुलै २००६ च्या सात स्फोटांपैकी एक मीरा रोडच्या हद्दीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच झाला.

आणि २००८ मध्ये आपल्या नाट्यगृहांवर हल्ले झाले, हे बरेच जण विसरले आहेत. ३१ मे रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब ठेवला गेला. ४ जूनला गडकरी रंगायतनमध्ये स्फोट होऊन सात जण जखमी झाले. एका नाटकात देवदेवतांचा अवमान झाल्याच्या रागातून हे घडल्याचे तपासात पुढे आले, आणि २०११ मध्ये न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले. स्फोट लहान होता म्हणून तो बाजूला टाकावा, असे मला वाटत नाही. ज्या वास्तूत ठाणेकर मुलाबाळांना घेऊन नाटकाला जातात तिथे हे झाले. दहशतवाद एकाच धर्माच्या खात्यावर मांडणाऱ्यांनी ही दोन्ही नाट्यगृहे लक्षात ठेवावीत.

आकडे कुठून येतात? त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा?

सगळ्यांत जास्त वापरली जाणारी जागतिक नोंद म्हणजे अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा ग्लोबल टेररिझम डेटाबेस. त्यात १९७० पासूनच्या दोन लाखांहून अधिक घटना आहेत. दक्षिण आशियासाठी दिल्लीच्या इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंटचे साउथ एशिया टेररिझम पोर्टल पाहिले जाते. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाची नोंद वर्षाला किमान २५ मृत्यूंचा उंबरठा धरून सशस्त्र संघर्ष मोजते.

आता मेरीलँडच्या नोंदीतली एक गोष्ट, जी मुंबई परिसरातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असली पाहिजे. तिची सुरुवातीची माहिती पिंकर्टन या खासगी संस्थेने कार्डांवर लिहून ठेवली होती. १९९३ या वर्षाची कार्डे कार्यालय हलवताना हरवली. त्यामुळे मुख्य माहितीसाठ्यात १९९२ नंतर थेट १९९४ येते. पुढे जुन्या बातम्यांतून ते वर्ष भरून काढायचा प्रयत्न झाला, पण नोंद अपुरी राहिली आणि ती वेगळी ठेवावी लागली. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी स्फोटांत २५७ माणसे गेली. आमच्या पिढीने ज्या दिवसापासून शहराकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली, तो दिवस जगातल्या सर्वांत मोठ्या आलेखात एका रिकाम्या जागेत आहे. म्हणून आलेख काढण्याआधी नोंद कशी तयार झाली ते वाचा.

मृतांची संख्याही कुठे मोजली यावर बदलते. ११ जुलैच्या मृतांचा आकडा तुम्हाला कुठे १८७, कुठे १८९, तर कुठे २०९ दिसेल. रुग्णालयात नंतर दगावलेले, न्यायालयापुढे आलेले आणि वर्तमानपत्रांनी मोजलेले एकच नसतात. प्रबंधात एक आकडा घ्या, तोच का घेतला ते लिहा.

दंगल आणि दहशतवाद एकाच विषयात का घेतात?

कारण एकातून दुसऱ्याला वाट मिळते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींत सुमारे ९०० माणसे गेली, आणि त्यानंतर दोन महिन्यांत साखळी स्फोट झाले. दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने या दोन्हींचा संबंध तपासला. स्फोटांचे समर्थन त्यातून होत नाही. पण सूडाची भाषा कुठून बळ घेते ते कळते.

इथे मला भिवंडीबद्दल सविस्तर लिहायचे आहे, कारण जगभरच्या अभ्यासात तिचे नाव घेतले जाते आणि आपल्याकडे, बारा-पंधरा किलोमीटरवर, ते फारसे माहीत नाही.

भिवंडीत १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून मोठी दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या घटनांची चौकशी केली. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि वणवा ठाणे-मुंबईपर्यंत आला. यंत्रमागांचे गाव, दाटीची वस्ती, दोन दंगलींची आठवण ताजी. १९९२ मध्ये सगळे जुळून आलेले होते. तरीही बाबरी मशीद पडल्यावर मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

का? १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. दंगलीनंतर पुढाऱ्यांना बोलावून हात मिळवायला लावणाऱ्या शांतता समित्यांपेक्षा या वेगळ्या होत्या. त्यात त्या-त्या गल्लीतले साधे हिंदू आणि मुसलमान होते, सोबत पोलीस. बैठका नियमित होत, आणि विषय नळाचे पाणी, भांडणे, मिरवणुकीचा मार्ग असे असत. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबरमध्ये अफवा आल्या तेव्हा त्या खऱ्या की खोट्या, हे कुणाला विचारायचे ते ठाऊक होते.

अमेरिकेत शिकवणारे आशुतोष वार्ष्णेय यांनी याच धाग्यावर मोठा अभ्यास केला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ आणि अहमदाबाद-सुरत अशा जोड्या घेतल्या. हिंदू-मुस्लिम हिंसाचारातले ४५ टक्क्यांच्या आसपास मृत्यू फक्त आठ शहरांत झालेले त्यांना आढळले. म्हणजे प्रश्न ‘भारतात दंगली का होतात’ इतका ढोबळ राहिला नाही. या शहरात होतात, त्या शहरात का नाहीत, असा तो झाला. त्यांचे उत्तर असे की शेजारधर्म, सणाला शिरखुर्मा आणि फराळाची देवाणघेवाण चांगली असली तरी मोठ्या शहरात ती पुरी पडत नाही. दोन्ही समाजांची माणसे एकत्र असलेल्या संस्था लागतात, जसे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये, राजकीय पक्ष. शांतता टिकण्यात ज्यांचा रोजचा फायदा आहे ते ती राखायला पुढे येतात.

यावर आक्षेप आहेत, आणि तेही वाचा. पॉल ब्रास म्हणतात की दंगल घडवणारी माणसे आणि यंत्रणा शहरात तयारच असतात, त्यांच्याकडे डोळेझाक नको. स्टीव्हन विल्किन्सन यांच्या मते निवडणुकीचे गणित ज्या सरकारला अल्पसंख्याकांचे रक्षण करायला लावते तिथे पोलीस दंगल थांबवतात. खुद्द भिवंडीतही जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलिसांत हिंसा झाली, पोलीस गोळीबारात आणि जमावाच्या हल्ल्यात माणसे गेली. मोहल्ला समित्या एकदा बांधल्या की कायमच्या टिकतात, असे भिवंडी सांगत नाही. अधिकारी बदलतो, बैठका विरळ होतात. मला या प्रयोगाबद्दल मनापासून आदर आहे, आणि त्याचमुळे तो बदलीच्या आदेशावर अवलंबून राहावा याचे वाईट वाटते.

मुंबईतही दंगलीनंतर पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. ठाणे-नवी मुंबईत प्रबंधाचा विषय शोधणाऱ्याला इथे आयुष्यभराचे काम आहे. मुंब्रा, राबोडी, कळवा, तुर्भे, प्रत्येक ठिकाणची गोष्ट वेगळी निघेल.

‘मुंबई स्पिरिट’ खरे आहे की आपण स्वतःची समजूत घालतो?

दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली येतात. संकटाच्या क्षणी अनोळखी माणसे एकमेकांना मदत करतात, हे खरे आहे आणि ते अभ्यासात दिसते. ७ जुलै २००५ च्या लंडन स्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून जॉन ड्रुरी यांनी दाखवले की घबराटीची चेंगराचेंगरी जवळपास झालीच नाही. अंधाऱ्या बोगद्यात माणसांनी एकमेकांना धीर दिला. आपल्याकडे ११ जुलै २००६ ला ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, आणि रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसे चादरी घेऊन धावली. जखमींना त्या चादरींत उचलून नेले गेले.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसणे मात्र धैर्यच असते असे नाही. ज्याचा दिवसाचा पगार कापला जाणार त्याच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. त्याच्या असहायतेला शौर्य म्हणून टाळ्या वाजवल्या, की रुग्णवाहिका वेळेत का आली नाही, स्थानकावर स्ट्रेचर का नव्हते, हे विचारायचे राहून जाते. उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे अपघातांत मरतात, त्यांच्याबाबत ‘स्पिरिट’चा उल्लेख कधी होत नाही.

भीतीनेही माणसे मरतात, हे गेर्ड गिगेरेन्झर यांनी मोजून दाखवले. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर अमेरिकनांनी विमान टाळून गाडी चालवली, आणि त्यांच्या अंदाजाप्रमाणे वर्षभरात सुमारे दीड हजार जास्तीचे रस्ते-मृत्यू झाले.

वृत्तवाहिन्या आणि व्हॉट्सअॅपबद्दल संशोधन काय सांगते?

प्रसिद्धी हा हल्ल्याच्या हेतूचाच भाग असतो, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण गेले. कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या गेल्या आणि पलीकडे सीमेपार बसलेले सूत्रधार त्या पाहून हल्लेखोरांना सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल नियम बदलून दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद करण्यात आले. मोबाइलवरच्या चित्रफितींना मात्र हा बांध नाही. कारवाई चालू असताना इमारतीच्या गच्चीवरून चित्रण टाकू नका, ही विनंती.

कडक कायदे केले की दहशतवाद संपतो का?

अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेच्या सेठ जोन्स आणि मार्टिन लिबिकी यांनी १९६८ ते २००६ मधल्या ६४८ गटांचा अभ्यास केला. संपलेल्या गटांपैकी ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत सामील होऊन संपले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तवार्ता कामाने. लष्करी बळाने संपलेले अवघे ७ टक्के. म्हणजे पोलिसांचे काम कळीचे आहे, आणि पोलिसांना माहिती देतात ती माणसे. टॉम टायलर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मुस्लिम रहिवाशांत केलेल्या अभ्यासात दिसले, की पोलीस आपल्याशी न्याय्य पद्धतीने वागतात असे ज्यांना वाटते ते सहकार्य करतात.

आपल्याकडे टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला आणि १९९५ मध्ये संपू दिला गेला. पोटा हा तसाच कायदा २००२ मध्ये आला, २००४ मध्ये रद्द झाला. मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा १९९९ पासून आहे. यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, १९६७ चा, २००८ आणि २०१९ मध्ये कडक झालेला. आता ११ जुलैचा खटला पाहा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सर्व बारा जणांना निर्दोष सोडले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र पाठवले नाही. ३१ जुलैला मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. ज्यांची माणसे गेली त्यांना इतक्या वर्षांनी उत्तर मिळाले नाही, आणि काहींची उमेद तुरुंगात गेली. कायदा किती कडक आहे यापेक्षा तपास किती चोख आहे, याने दोघांचेही भले होते. माझे हे मत या दोन निकालांनी अधिक पक्के झाले.

अशा संघटनांचे साहित्य अभ्यासासाठी डाउनलोड करू का?

स्वतःच्या जबाबदारीवर एकट्याने करू नका. बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्व गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले होते. २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत फिरवले. वाचन आणि सदस्यत्व एक नाही हे खरे, पण ते सिद्ध करण्यात उमेदीची वर्षे जाऊ शकतात. मार्गदर्शक आणि विभागाची लेखी मंजुरी घ्या, आणि शक्यतो न्यायालयीन निकाल, आयोगांचे अहवाल आणि प्रकाशित संशोधन यांवर काम करा.

ठाण्यात राहून सुरुवात कुठून करू?

वाचनापासून. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, जुन्या नियतकालिकांसाठी तिथे जा. मुंबई विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग कलिन्याला, टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला, आणि संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग पुणे विद्यापीठात आहे. श्रीकृष्ण आणि मादन आयोगांचे अहवाल संपूर्ण वाचा, उतारे नकोत.

मला स्फोटातून वाचलेल्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. कसे बोलावे?

आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी. मग ओळखीच्या माणसामार्फत निरोप, थेट दारात उभे राहायचे नाही. जुलैचा दुसरा आठवडा आणि नोव्हेंबरचा शेवट टाळा. त्या दिवसांत पत्रकारांचे फोन येत असतात आणि घरी पूजा किंवा फातिहा असते. काय विचारणार, कुठे छापणार, ते मराठीत किंवा त्यांच्या भाषेत लिहून द्या. पहिल्या भेटीत रेकॉर्डर नको.

बोलता-बोलता कुणी थांबले तर प्रश्न पुढे रेटू नका. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ समुपदेशन सेवा आहे, तिचा क्रमांक जवळ ठेवा. नाव बदलले म्हणजे ओळख लपली असे समजू नका. ‘मीरा रोडची परिचारिका, डावा कान गेलेली’ एवढ्यावरून अख्ख्या इमारतीला कळते, म्हणून गाव, व्यवसाय, जखम यांतलेही काही बदलावे लागते. लिहून झाल्यावर त्यांचा भाग त्यांना वाचून दाखवा आणि नको म्हटले ते काढा, प्रकरण त्याने लंगडे झाले तरी.